एकाहत्तरावा मोत्या

माझ्या विषाणूचं बारसं आबांनी केलं. प्रयोगशाळेच्या कागदांवर तो एम-एकाहत्तर होता. आबांनी थंड डब्यावरची चिठ्ठी हातभर लांब धरून वाचली आणि म्हणाले, "एम म्हंजी मोत्या. आन् एकाहत्तर काय, वय हाय का त्येचं?"

"पिढ्या, आबा. एकाहत्तर वेळा एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात घातलाय त्याला."

"इरजणावानी?" आईनं विचारलं. ती बाभळीच्या सावलीत लोकर कातत बसली होती.

"अगदी विरजणासारखा."

आई खूश झाली. मुलगी पुण्याकडं जाऊन काय करते हे तिला पहिल्यांदाच नीट कळलं होतं. तिनं लगेच शेजारच्या वाड्यावरच्या बायकांना फोन लावला आणि माझी बाणू रोगाचं दही लावते म्हणून सांगून टाकलं.

आम्ही माणदेशातले मेंढके. वर्षातले आठ महिने आमचं घर घोड्याच्या पाठीवर असतं आणि अंगण जिथं मेंढरं बसतील तिथं. तीन वर्षांपूर्वी, दोन हजार एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात, माळावर धाप्या आला. मेंढी उभ्या उभ्या धापा टाकायला लागायची आणि तिसऱ्या दिवशी गुडघे टेकायची. चौथ्या दिवशी तिचं कोकरू थंड आचळाला ढुशा देत राहायचं. कळपच्या कळप खड्ड्यात गेले. लस नव्हती असं नाही. पण ती प्रत्येक मेंढीला टोचावी लागायची, आणि टोचणारा एका माळावर पोचेपर्यंत कळप दुसऱ्या माळावर गेलेला असायचा.

म्हणून मी मोत्या केला.

शास्त्रात याला क्षीणन म्हणतात. जंतूला मारायचं नाही, त्याला परमुलखात नांदवायचं. धाप्याचा विषाणू मेंढीच्या फुप्फुसाच्या उबेत वाढतो. आम्ही त्याला कोंबडीच्या पेशींवर ठेवलं, आणि तेही गारठ्यात. पहिल्या खेपेला बहुतेक मेले. जे थोडे तगले त्यांतले चिमूटभर पुढच्या भांड्यात घातले, त्यांतले तगले ते त्याच्या पुढच्या. परक्या घरी, थंडीत जगायला शिकता शिकता त्यांची पिढी उबेत जगायचं विसरत गेली. एकाहत्तराव्या खेपेला जो हाती आला तो मेंढीच्या नाकात, जिथं बाहेरचा गार वारा खेळतो तिथंच राहू शकत होता. खाली फुप्फुसात उतरला की उबेनंच त्याचा जीव जायचा. चेहरा मात्र जुनाच होता. मेंढीचं रक्त तो चेहरा ओळखून ठेवतं, आणि मग खरा धाप्या आला की त्याला दारातच अडवतं.

आबांनी हे सगळं काठीवर हनुवटी टेकून ऐकलं.

"म्हंजी लांडग्याला एकाहत्तर पिढ्या भाकरी घातलीस आन् त्येचं कुत्रं केलंस."

मी दोन वर्षं भाषणं देत होते, इतकं सोपं मला एकदाही सांगता आलं नव्हतं.

"आन् कुत्र्याचा परत लांडगा झाला तर?" आबांनी विचारलं.

तोच सगळा प्रश्न होता. मोत्या टोचायची गरज नव्हती. पाच मेंढ्यांच्या नाकात थेंब टाकायचे, बाकीच्यांना तो श्वासातून आपोआप मिळायचा. जी लस स्वतः चालत जाते ती वाटेत काय होऊन बसेल हे कुणी सांगावं? नव्या मेंढीत, नव्या उबेत, एखादा जुना दात तिला परत फुटू शकतो. म्हणून चाचणीची अट कडक होती. एका कळपाला मोत्या द्यायचा, जवळच्याच दुसऱ्या कळपाला द्यायचा नाही, आणि चाळीस दिवस दोघांची तुलना करायची. या मुदतीत मोत्या ठरलेल्या कळपाबाहेर सापडला, तर दोन्ही कळप नष्ट करायचे. एकूण एक जनावर. त्या कागदावर माझी सही होती.

पहिला कळप मी आबांचा निवडला. दुसऱ्याच्या मेंढरांवर प्रयोग करायचा आणि आपली झाकून ठेवायची, हे मला जमलं नसतं.

दुसरा कळप मायाप्पातात्याचा. तात्या म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. तो निवडताना मी स्वतःवर फार खूश होते. आजा गेल्यावर दोघा भावांनी मेंढरं वाटून घेतली, तेव्हा गळ्यात घंटी असलेला म्होरक्या मेंढा तात्यानं आबांना न विचारता आपल्याकडं वळवला. त्या दिवसापासून आठ वर्षं दोघं बोलले नव्हते. ओढ्याच्या अलीकडं आबा, पलीकडं तात्या. एकाचं कुत्रंही दुसऱ्याच्या पाण्यात पाय घालत नव्हतं. दोन कळप जवळ असूनही एकमेकांत मिसळणार नाहीत, असं ठिकाण शोधत मी तीन तालुके फिरले होते. शेवटी ते माझ्याच घरात सापडलं. अहवालात मी लिहिलं, "दोन्ही कळपांमध्ये कायमस्वरूपी नैसर्गिक अडथळा आहे."

बाविसाव्या दिवसापर्यंत सगळं छान चाललं होतं. प्रत्येक मेंढीच्या कानात बिल्ला होता. ती कुठं आहे आणि तिला ताप आहे का, हे मला पुण्यात बसून दिसायचं. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांचे दोन पुंजके आणि मधे ओढ्याची रेघ. रेघ ओलांडून एकही ठिपका कधी गेला नाही.

तेविसाव्या दिवशी तात्याच्या कळपातल्या नमुन्यांत मोत्या सापडला.

मी तपासणी दोनदा केली, मग तिसऱ्यांदा केली. मग गाडी काढली आणि थेट माळावर गेले.

आबा वाघुराची जाळी सांधत बसले होते. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायचं दोरीचं कुंपण. मी विचारलं, "आबा, एखादी मेंढी ओढ्यापलीकडं गेली का?"

"न्हाई."

"तात्याची इकडं आली?"

"कशाला येईल?"

"तुम्ही तिकडं गेला होता?"

"मी त्येच्याशी एक शबुद बोललो न्हाई," आबा म्हणाले. त्यांची नजर जाळीवरच होती. "नियम पाळलाय म्या."

मी ओढ्याकाठी गेले. पलीकडं तात्याची मेंढरं चरत होती. त्यांत एका तपकिरी मेंढीच्या पोटाखाली एक पांढरं कोकरू शेपूट हलवत दूध पीत होतं. त्याचा डावा कान काळा होता. डावा काळा कान आमच्या चांदीच्या वंशाचा. ती खूण पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाच्या मेंढीला नाही. आणि चांदी ही मी थेंब टाकलेल्या पाचांपैकी एक.

मी परत आले तेव्हा आई चुलीपुढं होती. तिनं माझं तोंड बघितलं आणि भाकरीचं पीठ बाजूला सारलं.

"चांदीला जुळं झालं," ती म्हणाली. "आचळात दूध एकापुरतंच. आन् पल्याड म्होरक्याच्या लेकीचं कोकरू मेलेलं निपजलं. दोन दिस वरडत हुती, बाणे. काठावर यिऊन आमच्याकडं बघून वरडायची. तुझा बाप जेवला न्हाई."

"मग?"

"मग काय. सकाळच्या पारी कोकरू घोंगड्यात घितलं, ओढ्यातल्या धोंड्यावर निऊन ठिवलं आन् पाठ फिरवून हुबा ऱ्हायला. मायाप्पा आला. त्येनं उचललं. मेलेल्याचं कातडं ह्येच्या अंगावर घातलं, म्हंजी मेंढीला वास वळखीचा लागतोय. तिनं चाटलं, पाजलं. दोघं भाऊ धा पावलांवर हुते. बोललं न्हाई कुनी."

मी आबांकडं वळले. "आबा, मी सांगितलं होतं. एकही जनावर पलीकडं जाता कामा नये."

"जनावर कुठं गेलं?" आबा खरंच गोंधळले होते. "कोकरू गेलं. दूध तुटंस्तवर कोकरू आईचं असतंय, कळपाचं नसतंय. त्येला बिल्ला बी न्हवता. तूच म्हनली हुतीस, कवळ्या कानाला बिल्ला नगो."

म्हणालेच होते. दूध तुटेपर्यंत कोकरू मोजायचं नाही ही आमची जुनी रीत, आणि मी ती लहानपणापासून जाणत होते. प्रयोग आखताना मात्र मला ती आठवली नाही. मी मेंढ्यांचा ताप मोजला, ओढ्याची रुंदी मोजली, वाऱ्याची दिशासुद्धा नोंदली. आठ वर्षांत दोन भावांचं भांडण किती उरलंय, हे बघायचं राहून गेलं. त्यालाही ऊन-वारा लागला होता. त्याचंही वरचं तोंड तेवढं तसंच होतं, दात कधीच पडले होते.

तो निकाल माझ्याशिवाय कुणी पाहिला नव्हता. नळी दूषित झाली म्हणून टाकून दिली असती तर कुणी विचारलं नसतं. धाप्याच्या वर्षी मी ते खड्डे पाहिलेत. यंत्र माती ओढतं आणि मेंढका पाठ करून उभा राहतो. आबांची एकशे चाळीस, तात्याची एकशे सव्वीस. मी फोन हातात घेऊन धोंड्यावर बसून राहिले.

आबा शेजारी येऊन टेकले. "काय हुईल आता?"

मी सगळं सांगितलं. लपवायचा विचार मनात आला होता तेही सांगितलं. त्यांनी मेंढरांकडं पाहिलं.

"वाघुराला भोक पडलं तर हाळी द्यावी," ते म्हणाले. "झाकून ठिवलं तर लांडगा तितनंच येतोय. कळीव."

"आबा, कळप जाईल."

"माझा मोत्या चावतोय का न्हाई, ते मला बी बगू दे की. कळीव तू."

मी आमच्या प्रमुख नसरीन मुजावर मॅडमना फोन केला. त्यांनी निकाल माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. मग म्हणाल्या, "बाणाई, नऊ दिवस मागून घेते. प्रत्येक जनावराचा नमुना घे. मोत्या जिथं जिथं गेलाय तिथलं त्याच्या जनुकांचं एकेक अक्षर वाचू. एक दात जरी परत आलेला दिसला, तर मी तुला वाचवणार नाही आणि मेंढरांनाही नाही."

दोन्ही कळप वाघुरात कोंडले, एक ओढ्याच्या या काठी, एक त्या काठी. माळावर मोकळं फिरणारी मेंढरं चारा टाकला तरी तोंड लावेनात. मी रोज दोन्हीकडं नाकातले नमुने घेत फिरायचे आणि दोन म्हातारे आपापल्या काठावर उभे राहून माझ्यामार्फत भांडायचे. मधे दहा पावलांचं पाणी. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं, तरी निरोप माझ्याकडूनच जायचा.

"तुझ्या बापाला सांग," तात्या पहिल्या दिवशी ओरडला, "कोकरू मी मागितलं न्हवतं."

"त्येला सांग," आबा माझ्याकडं बघत म्हणाले, "मेंढी वरडत हुती. मी तिला दिलं, त्येला न्हाई."

"सांग त्येला, माझा कळप मातीत गेला तर ह्येच्या दारात यिऊन बसीन."

"बसायला दार कुठंय म्हनावं. हितं कुनाला दार हाय?"

आई आबांच्या मागून हसली. तात्याही हसला असावा, कारण त्यानं फेट्याचं टोक तोंडावर धरलं. मी नळ्या डब्यात ठेवून निघाले तेव्हा तो म्हणाला, "आन् हे बी सांग. कोकरू चांगलं हाय."

मी आबांकडं पाहिलं. ते दुसरीकडं बघत होते.

"लई चांगलं हाय म्हनावं," तात्या म्हणाला.

सातव्या दिवशी तात्याच्या दोन मेंढ्यांना ताप चढला. त्या दिवशी कुणी चेष्टा केली नाही. आबा काठावर उभे राहून त्या दोन मेंढ्यांची नावं घेत राहिले. वाटणीच्या वेळच्या त्या मेंढ्या, नावं आबांनीच ठेवलेली. संध्याकाळी ताप उतरला. नुसती नाकं वाहत होती.

नवव्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला, पण त्या भराभर बोलत होत्या म्हणून मलाच उलगडून सांगावं लागलं.

मोत्याला दात फुटला नव्हता. उलट तो उडी घेईल तसा दुबळा होत गेला होता. थेंब टाकलेल्या मेंढीच्या नाकात त्याचं पीक भरपूर, तिच्या श्वासातून दहा-बारा जणींना पुरेल इतकं. त्या दहा-बारा जणींच्या नाकात ते निम्म्यावर. त्यांच्याकडून ज्यांना मिळालं त्यांच्यात आणखी कमी. तिसऱ्या उडीनंतर ज्या मेंढीत तो पोचला तिला ओळख पटली, पण पुढं द्यायला तिच्याकडं काही उरलं नाही. चांदीकडून कोकराला ही पहिली उडी. कोकराकडून सहा मेंढ्यांना ही दुसरी. त्या सहाजणींकडून बावीस जणींना, आणि तिथं मोत्या विझला. तात्याच्या बाकीच्या मेंढ्यांना त्याचा वासही लागला नव्हता.

"म्हणजे कळप वाचले," मॅडम म्हणाल्या. "आणि प्रयोग गेला. आपल्याला जिल्हाभर धावणारी लस हवी होती, ही तीन उड्यांत दमते. ये परत. बसून बघू काय करायचं."

फोन बंद झाला. आईनं डोळ्यांना पदर लावला. मला आनंद होत होता आणि रडूही येत होतं. तीन वर्षांचं काम होतं ते.

"दमतो म्हंजी काय?" आबांनी विचारलं. "एका कळपाला तर पुरला न्हवं? आपल्या समद्या मेंढरांना लागण झाली की."

"झाली. पण आपण पाच मेंढ्यांना थेंब दिले म्हणून. पुढच्या कळपात तो आपण होऊन पोचत नाही, आबा. वाटेत विरतो."

"मग हाळी काय येगळं करती?" आबा म्हणाले. "मी ह्या माळावरनं हाळी दिली तर फुडल्या वाड्यावरल्या कोळेकराच्या टेकडीपतुर जाती. तितं विरती. फुडं जायाची तर कोळेकरानं आपल्या गळ्यातनं द्याची. तसं तर आमी दुष्काळात चारा कुठं हाय ते चार तालुके कळवलंय. एकाच्याच आवाजात कोन कळवतंय?"

मी उभीच राहिले.

थेंब दिलेलं एक कोकरू, तिन्ही उड्या शिल्लक असलेलं. एक कोकरू एका कळपात गेलं, तर तीन उड्यांत कळपभर लागण होईल आणि मोत्या तिथंच विझेल. पुढं जायला त्याला माणसाचा हात लागेल. जी लस माणसानं उचलून दिल्याशिवाय पुढं सरकत नाही, ती हाताबाहेर जाणार कशी? ज्याला आम्ही त्याचं दुबळेपण म्हणत होतो तेच त्याचं दावं होतं.

मी मॅडमना परत फोन लावला. यावेळी भराभर मी बोलत होते. त्यांनी दोन प्रश्न विचारले, मग तिसरा विचारला, "पण आपलं कोकरू दुसऱ्याच्या कळपात कोण नेऊन देईल?"

मी ओढ्याकडं पाहिलं. "देतात, मॅडम. न बोलतासुद्धा देतात."

आबांनी तोवर वाघूर सोडलं होतं. नऊ दिवस कोंडलेली मेंढरं पाण्यासारखी बाहेर सांडली आणि थेट ओढ्यात उतरली. पलीकडूनही तात्याची उतरली. दोन्ही कळप मधोमध एक झाले आणि म्होरक्याच्या लेकीमागून ते काळ्या कानाचं कोकरू पाणी उडवत आलं. वाटेत चांदी उभी होती. कोकरानं तिला हुंगलं, थोडं थांबलं, आणि परत तपकिरीच्या पोटाखाली शिरलं. आई लोकर कातायच्या चात्याला पीळ देता देता गुणगुणायला लागली,

"दूध दुजीचं ग प्यालं, कूस दुजीची ग झाली,
दोन आयांची ग माया, एका कोकराला आली."

तात्या गुडघाभर पाण्यात येऊन थांबला. माझ्याकडं बघून तो तोंड उघडणार होता. मग त्यानं मान वळवली.

"दादा," तो म्हणाला. आठ वर्षांत हा शब्द त्यानं वापरला नव्हता. "ह्ये कोकरू तुजं का माजं?"

आबांनी काठीनं पाण्यातला एक खडा उलटा केला. "दूध कुनाचं प्यालं?"

"माज्या मेंढीचं."

"मग तुजंच की. मला काय इचारतोस?"

तात्यानं मान हलवली, पण तो तिथून हलला नाही. मग म्हणाला, "म्होरक्या म्हातारा झालाय. त्येची घंटी तुज्याकडं बांध. माज्या मेंढरांना ती ऐकू आली तरी बास हाय."

पुढं परवानगीला सव्वा वर्ष गेलं. तोवर मी मोत्याच्या तीन उड्या चौदा कळपांत मोजल्या आणि तो एकदाही चौथी मारू शकला नाही. पहिलं थेंबाचं कोकरू माळावरून निघालं त्या दिवशी दुपारी आम्ही सगळे टेकडीच्या टोकाला उभे होतो. कोकरू तात्याच्या खांद्यावर होतं, जायचं होतं कोळेकराच्या कळपात. तिथून त्यांचं एक कोकरू थेंब घेऊन पुढच्या वाड्यावर जाईल, असं ठरलं होतं. पडद्यावर मला हे सगळं दिसणार होतं. आबांना पडदा नको होता. त्यांनी तोंडाशी हात धरले आणि लांबलचक हाळी दिली, कोकरू येतंय रं, म्हणून.

आवाज उतारावरून गेला, बाभळींवरून गेला, बारीक झाला आणि ऐकू येईनासा झाला. आईनं हातातलं चातं थांबवलं. माळावर नुसता वारा होता. आबांनी काठीवर हनुवटी टेकली.

मग समोरच्या, कोळेकराच्या टेकडीच्याही पलीकडून, ओळखीचा नसलेला एक तरुण गळा वर चढला. तो आमच्याकडं तोंड करून ओरडत नव्हता. तो पुढच्या माळाला सांगत होता.